मार्चचा भाव, एप्रिलची निवड

अमेरिकन फुटबॉलचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो आणि फेब्रुवारीतल्या सुपर बोल या अंतिम सामन्याने संपतो. परंतु नॅशनल फुटबॉल लीग, म्हणजेच एनएफएल, या व्यावसायिक संघटनेतील ३२ संघांच्या यशापयशाचा मोठा भाग त्यानंतरच्या तीन महिन्यांत, मैदाने रिकामी असताना ठरतो. आपला कोणता खेळाडू राखायचा, कोणाला जाऊ द्यायचे, दुसऱ्या संघाकडून कोणाला आणायचे आणि महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांपैकी कोणाची निवड करायची, हे चार निर्णय या काळात घ्यावे लागतात, आणि चारही निर्णयांचा पैसा एकाच तिजोरीतून जात असल्यामुळे एका ठिकाणी सैल सोडलेला हात बाकीच्या तीन ठिकाणी आखडावा लागतो. अलीकडच्या वर्षांत या हिशेबाचा तोल ज्या जागेने वारंवार ढळवला आहे, ती जागा रिसीव्हरची आहे. करारातून मोकळ्या झालेल्या रिसीव्हरांचा मार्च महिन्यातला बाजार, ज्यांना त्या बाजारात काहीही खरेदी करायचे नसते अशा संघांचेही बेत बदलायला लावतो. हे कसे घडते, ते २०२२ सालच्या वसंत ऋतूइतके स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

येथे विचारात घेतलेला फुटबॉल म्हणजे कोल्हापूरच्या पेठांत किंवा गोव्यात खेळला जाणारा, पायाने चेंडू मारण्याचा खेळ नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये दोन्ही बाजूंचे अकरा-अकरा खेळाडू मैदानात असतात. चढाई करणाऱ्या संघाला दहा यार्ड, म्हणजे सुमारे नऊ मीटर, पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. आणि चेंडू कवेत घेऊन धावणे किंवा तो हाताने फेकून पुढे गेलेल्या सहकाऱ्याकडे पोचवणे, असे दोन मार्ग त्याच्यापुढे असतात. फेकणारा तो क्वार्टरबॅक आणि झेलणारा तो मुख्यतः वाइड रिसीव्हर. रिसीव्हर आपल्या मनाने कुठेही धावत नाही. किती पावले सरळ जायचे, कुठे वळायचे आणि कोणत्या क्षणी मान फिरवून चेंडूकडे पाहायचे, हे सर्व आधी ठरलेले असते, आणि क्वार्टरबॅक पुष्कळदा रिसीव्हर वळण्याच्या आधीच चेंडू हातातून सोडून देतो. १९७८ साली संघटनेने नियम बदलून बचाव करणाऱ्यांच्या धक्काबुक्कीवर मर्यादा आणल्या आणि तेव्हापासून फेकीच्या खेळाचे महत्त्व वाढत गेले. त्याबरोबर झेलणाऱ्याचे मोलही वाढले. मात्र ते मोल ठरवणे सोपे नाही, कारण एखाद्याने हंगामात झेल घेऊन हजार यार्ड मिळवले तर त्यातले किती त्याच्या पायांचे आणि किती फेकणाऱ्याच्या हाताचे, हे कोणत्याही आकडेवारीत स्वच्छ वेगळे काढता येत नाही. रिसीव्हरच्या बाजारातली सारी अनिश्चितता या एका प्रश्नातून निघते.

करार संपल्यावर खेळाडूने आपल्या मर्जीने दुसऱ्या संघाकडे जाणे आज स्वाभाविक वाटते, पण हा हक्क खेळाडूंना न्यायालयात जाऊन मिळवावा लागला. त्यापूर्वीच्या व्यवस्थेत प्रत्येक संघाला आपले ३७ खेळाडू बांधून ठेवता येत, म्हणजे जे खरोखर उपयोगाचे असत ते जवळपास सर्वच. १९९२ साली मिनियापोलिस येथील खटल्यात पंचमंडळाने ही व्यवस्था स्पर्धाविरोधी ठरवली, त्यानंतर रेजी व्हाइट या बचावपटूच्या नावाने चाललेला सामूहिक दावा तडजोडीने मिटला, आणि १९९३ साली खुद्द व्हाइट चार वर्षांसाठी १ कोटी ७० लाख डॉलरच्या करारावर ग्रीन बे पॅकर्स संघात दाखल झाला. खेळाडूंना मोकळीक देताना मालकांनी त्याबदल्यात वेतनमर्यादा मिळवली. प्रत्येक संघाने एका वर्षात सर्व खेळाडूंवर मिळून किती खर्च करायचा याची ही कमाल मर्यादा १९९४ साली ३ कोटी ४६ लाख डॉलर होती; ती २०२२ साली २० कोटी ८२ लाख आणि २०२५ साली २७ कोटी ९२ लाख डॉलर झाली. आयपीएलच्या २०२५ हंगामासाठी झालेल्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाची थैली १२० कोटी रुपयांची होती, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की एनएफएलमध्ये लिलाव होत नाही. मोकळा खेळाडू आपल्या प्रतिनिधीमार्फत एकाच वेळी अनेक संघांशी बोलतो, आणि कुठे जायचे हे तो स्वतः ठरवतो. ज्या खेळात एका चुकीच्या धडकेने कारकीर्द संपू शकते, त्या खेळात हा अधिकार केवळ पैशाचा प्रश्न उरत नाही. तो न्यायाचा प्रश्न होतो.

मोकळा खेळाडू, म्हणजे फ्री एजंट, होण्यासाठी किमान चार हंगामांची सेवा आणि संपलेला करार या दोन गोष्टी लागतात. संघटनेचे नवे वर्ष मार्चच्या मध्यावर सुरू होते. त्याआधीचे दोन दिवस इतर संघांनी अशा खेळाडूंच्या प्रतिनिधींशी बोलणी करण्यासाठी राखलेले असतात, आणि मोठे व्यवहार बहुधा या दोन दिवसांतच ठरतात. परंतु त्याच्याही आधी मूळ संघाच्या हाती एक शस्त्र असते, ते म्हणजे फ्रँचायझी टॅग. दरवर्षी एका खेळाडूवर हा शिक्का मारून संघ त्याला एका वर्षासाठी रोखून धरू शकतो; त्याबदल्यात त्याला, साधारणपणे, त्या जागेवरच्या सर्वाधिक वेतनाच्या पाच खेळाडूंच्या सरासरीइतकी किंवा त्याच्या आधीच्या वेतनाच्या १२० टक्के, यांपैकी जी मोठी असेल ती रक्कम द्यावी लागते. २०२४ साली रिसीव्हरसाठी ही रक्कम २ कोटी १८ लाख डॉलर होती. सिनसिनाटी बेंगल्सने टी हिगिन्स या रिसीव्हरवर २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षे हा शिक्का मारला आणि अखेर मार्च २०२५ मध्ये त्याला चार वर्षांचा ११ कोटी ५० लाख डॉलरचा करार दिला. त्याच वेळी त्याचा सहकारी जामार चेस याला चार वर्षांसाठी १६ कोटी १० लाख मिळाले.

या साधनामुळे मोकळ्या रिसीव्हरांच्या बाजाराला एक विचित्र रूप येते. अव्वल दर्जाचा रिसीव्हर त्या बाजारात सहसा पोचतच नाही; त्याचा संघ त्याला आधीच नव्या कराराने बांधतो, नाहीतर शिक्का मारून अडवतो, नाहीतर विकून मोकळा होतो. बाजारात येतात ते दुसऱ्या फळीतले चांगले खेळाडू, दुखापतीतून उठलेले, तिशीच्या आसपास पोचलेले आणि मूळ संघाला त्या किमतीला नकोसे झालेले. तरीही रिसीव्हरची गरज असलेले संघ नेहमीच पुरवठ्यापेक्षा अधिक असतात, त्यामुळे दुसऱ्या फळीतल्या खेळाडूला पहिल्या फळीचा भाव मिळतो. मग पहिल्या फळीतला, अजून करारात अडकलेला खेळाडू तो आकडा पाहतो आणि आपल्या संघाच्या दारात उभा राहतो. बाजाराचा खरा परिणाम येथून सुरू होतो.

१४ मार्च २०२२ रोजी बोलण्यांची मुभा सुरू झाली आणि त्याच दिवशी जॅक्सनव्हिल जॅग्वार्सने ख्रिश्चन कर्क या रिसीव्हरशी चार वर्षांसाठी ७ कोटी २० लाख डॉलरचा करार ठरवला, ज्यातील ३ कोटी ७० लाखांची हमी होती आणि ठरावीक कामगिरी केल्यास एकूण रक्कम ८ कोटी ४० लाखांपर्यंत जाऊ शकत होती. कर्क उपयुक्त खेळाडू होता, परंतु अॅरिझोना कार्डिनल्सकडे खेळलेल्या चार हंगामांत त्याने एकदाही हजार यार्डांचा टप्पा गाठलेला नव्हता; आदल्या वर्षीचे ९८२ यार्ड ही त्याची सर्वोत्तम कामगिरी. अशा खेळाडूला वर्षाला सरासरी १ कोटी ८० लाख डॉलर मिळाल्याचे ऐकून अनेक निरीक्षकांनी जॅग्वार्सला वेड्यात काढले. ही टीका अगदीच निराधार नव्हती. बरोबर एक वर्ष आधी न्यूयॉर्क जायंट्सने केनी गॉलाडे याला चार वर्षांसाठी तंतोतंत तेवढीच, ७ कोटी २० लाखांची, रक्कम कबूल केली होती. त्याआधीच्या हंगामात दुखापतीमुळे तो केवळ पाच सामने खेळलेला होता. जायंट्सकडच्या दोन हंगामांत मिळून त्याने ४३ झेल घेतले, ६०२ यार्ड मिळवले, चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम पट्ट्यात नेण्याचा, म्हणजे टचडाऊनचा, मान त्याला एकदाच मिळाला, आणि मार्च २०२३ मध्ये संघाने त्याला मुक्त केले.

कर्कचे तसे झाले नाही, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. जॅग्वार्सकडे आदल्या वर्षी सर्वांत आधी निवडलेला ट्रेव्हर लॉरेन्स हा तरुण क्वार्टरबॅक होता, पण त्याच्या फेकी झेलायला पुरेसे विश्वासाचे हात नव्हते, आणि त्या हंगामात संघाने १७ पैकी अवघे ३ सामने जिंकले होते. मार्चमध्ये कर्क, झे जोन्स हा दुसरा रिसीव्हर आणि इव्हान इंग्राम हा टाइट एंड, म्हणजे झेल घेणे आणि अडवणूक करणे अशी दोन्ही कामे करणारा खेळाडू, असे तिघे आणून संघाने ती उणीव एका फटक्यात भरून काढली. महाविद्यालयीन खेळाडूंना क्रमाने उचलण्याच्या एप्रिलमधल्या निवडीत सर्वांत पहिला हक्क त्यांचाच होता. रिसीव्हरची निकड मिटलेली असल्यामुळे तो त्यांनी ट्रेव्हॉन वॉकर या बचावपटूवर आणि २७व्या क्रमांकाचा हक्क डेव्हिन लॉइड या आणखी एका बचावपटूवर वापरला. कर्कने त्या हंगामात १,१०८ यार्ड मिळवले, संघाने ९ सामने जिंकून आपल्या गटाचे विजेतेपद घेतले. येथे कर्कची किंमत जास्त होती की रास्त, हा प्रश्न एकट्या कर्कपुरता पाहून सुटत नाही. त्या किमतीत एप्रिलमधला निवडीचा मोकळेपणाही विकत घेतलेला होता.

जॅग्वार्सच्या या व्यवहाराचे पडसाद मात्र दूरवर उमटले. तीनच दिवसांनी ग्रीन बे पॅकर्सने डेव्हान्टे अॅडम्स या रिसीव्हरला लास व्हेगास रेडर्सकडे धाडले. आदल्या हंगामात १२३ झेल आणि १,५५३ यार्ड मिळवलेल्या या खेळाडूवर पॅकर्सने फ्रँचायझी टॅगचा शिक्का मारलेला होता, परंतु त्या अटीवर खेळण्याची त्याची तयारी नव्हती. त्याच्याबदल्यात पॅकर्सना २२वा आणि ५३वा असे निवडीचे दोन हक्क मिळाले, आणि रेडर्सने त्याला पाच वर्षांचा, वर्षाला सरासरी सुमारे २ कोटी ८० लाख डॉलरचा करार दिला. २३ मार्चला कॅन्सस सिटी चीफ्सने टायरीक हिल हा अतिवेगवान रिसीव्हर मायामी डॉल्फिन्सला देऊन पाच हक्क घेतले. मायामीने हिलला चार वर्षांसाठी १२ कोटी डॉलर देऊ केले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बफलो बिल्सने स्टेफॉन डिग्ज याला चार वर्षांची, ९ कोटी ६० लाखांची मुदतवाढ दिली. या तिघांपैकी एकही जण मोकळ्या बाजारात उभा नव्हता, तरीही तिघांच्या करारांवर त्या बाजाराची सावली होती. ज्याला सर्वोत्तम म्हणता येत नाही अशा खेळाडूचा भाव १ कोटी ८० लाखांवर गेल्यानंतर सर्वोत्तम म्हणवणाऱ्यांना त्याहून कितीतरी अधिक मागण्याचा आधार मिळाला.

अॅडम्सला सोडल्याची किंमत पॅकर्सना लवकरच दिसली. त्यांनी ५३वा हक्क आणि स्वतःचा ५९वा हक्क मिनेसोटा व्हायकिंग्जला देऊन ३४वा हक्क मिळवला आणि त्यावर ख्रिश्चन वॉटसन या उंच, वेगवान तरुणाला घेतले. ११ सप्टेंबर २०२२ रोजी मिनियापोलिसमध्ये व्हायकिंग्जविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात, पॅकर्सच्या चढाईच्या पहिल्याच चालीत, वॉटसन आपल्या राखणदाराला मागे टाकून एकटा पुढे निघाला. क्वार्टरबॅक अॅरन रॉजर्सची लांबलचक फेक नेमकी त्याच्या हातात आली. समोर कोणीही नव्हते, आणि झेल पकडला असता तर ७५ यार्डांचे टचडाऊन ठरलेले होते. चेंडू त्याच्या हातांतून निसटून खाली पडला. पॅकर्स तो सामना २३–७ असा हरले, आणि आदल्या वर्षी १३ सामने जिंकणारा हा संघ त्या हंगामात ८ विजयांवर थांबला. वॉटसनने नोव्हेंबरात डॅलस काउबॉइजविरुद्ध एकाच सामन्यात तीन टचडाऊन करून आपली योग्यता दाखवली, पण तोवर दोन महिने उलटून गेले होते. नव्या रिसीव्हरची किंमत डॉलरमध्ये कमी असली तरी ती वेळेच्या रूपाने मोजावी लागते, आणि रॉजर्ससारखा अडतिशीतला क्वार्टरबॅक हाताशी असलेल्या संघाकडे नेमकी वेळच कमी असते.

चीफ्सचा हिशेब वेगळा होता आणि तो अधिक विचारपूर्वक केलेला होता. त्यांनी हिलची जागा एका माणसाने भरण्याचा प्रयत्नच केला नाही. मोकळ्या बाजारातून जुजू स्मिथ-शूस्टर याला एका वर्षासाठी आणि मार्केझ वाल्डेस-स्कँटलिंग याला तीन वर्षांसाठी, दोघांनाही मध्यम भावात घेतले; मायामीकडून आलेला पहिल्या फेरीतला हक्क इतर दोन हक्कांसह पुढे सरकवून २१व्या क्रमांकावर ट्रेंट मॅकडफी हा बचावातला कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरवर पहारा ठेवणारा खेळाडू, निवडला; आणि दुसऱ्या फेरीत स्काय मूर हा रिसीव्हर घेतला. पॅट्रिक माहोम्ससारखा क्वार्टरबॅक असल्यामुळेच हे शक्य झाले, हे खरे. त्या हंगामात त्याने ५,२५० यार्डांच्या फेकी केल्या आणि सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळवला. इकडे हिलनेही मायामीत पैशाचे चीज केले. पहिल्या हंगामात १,७१० आणि दुसऱ्या हंगामात १,७९९ यार्ड मिळवले. तरी दोन्ही वर्षे मायामीचा संघ बाद फेरीतल्या पहिल्याच सामन्यात गारद झाला.

एवढ्या मोठ्या रकमा वेतनमर्यादेत कशा बसतात, हे पाहिल्याशिवाय संघांची घालमेल कळत नाही. कराराच्या वेळी खेळाडूला हातात दिलेला बोनस हिशेबात एकाच वर्षी धरला जात नाही. तो कराराच्या वर्षांवर, जास्तीत जास्त पाच, समान वाटून लावला जातो. समजा, एखाद्या रिसीव्हरला चार वर्षांच्या करारात २ कोटी डॉलर बोनस मिळाला, तर दरवर्षी ५० लाख हिशेबात धरले जातात आणि पहिल्या वर्षीचा भार हलका दिसतो. पण दोन वर्षांनंतर संघाने त्याला सोडले, तर उरलेले १ कोटी लगेच अंगावर येतात, जरी तो माणूस आता दुसऱ्याच्या गणवेशात खेळत असला तरी. अमेरिकेत याला डेड मनी म्हणतात. सावकारी वहीतल्या बुडीत खात्याशी त्याचे साम्य आहे. बफलोने २०२२च्या वसंतात मुदतवाढ दिलेल्या डिग्जला एप्रिल २०२४ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्सकडे पाठवले, तेव्हा बिल्सच्या खात्यात ३ कोटी १० लाख डॉलर बुडीत पडले. त्या वर्षीची वेतनमर्यादा २५ कोटी ५४ लाख होती, म्हणजे प्रत्येक शंभर डॉलरमधले बारा डॉलर संघात नसलेल्या एका रिसीव्हरवर खर्च झाले. उरलेल्या पैशांत बिल्सने कर्टिस सॅम्युअल हा मध्यम भावाचा मोकळा रिसीव्हर घेतला, निवडीत ३३व्या क्रमांकावर कीऑन कोलमनला आणले आणि झेल अनेकांत वाटून दिले. एकाही रिसीव्हरने हजार यार्ड गाठले नाहीत, पण संघाने १३ सामने जिंकले आणि क्वार्टरबॅक जॉश अॅलन सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

बाजारात न जाण्याचा सर्वांत मोठा मोह एप्रिलमधली निवड दाखवते. ड्राफ्ट नावाच्या या सात फेऱ्यांच्या निवडीत संघ महाविद्यालयीन खेळाडूंना क्रमाने उचलतात, आणि २०११च्या सामूहिक करारापासून नवागतांचे वेतन त्यांच्या क्रमांकानुसार जवळजवळ ठरलेले असते. बफलो आणि मिनेसोटा यांच्यात मार्च २०२० मध्ये झालेला व्यवहार या दृष्टीने नमुनेदार आहे. मिनेसोटाने याच डिग्जला बफलोला देऊन इतर हक्कांबरोबर २२वा हक्क घेतला आणि त्यावर जस्टिन जेफरसन याला निवडले. चार वर्षांसाठी सुमारे १ कोटी ३१ लाख डॉलर वेतन असलेल्या जेफरसनने त्या चार हंगामांत ५,८९९ यार्ड मिळवले. कारकिर्दीच्या पहिल्या चार हंगामांत इतके यार्ड त्यापूर्वी कोणीही मिळवलेले नव्हते. जून २०२४ मध्ये त्याला चार वर्षांचा १४ कोटींचा नवा करार मिळाला, म्हणजे दहापटीहून अधिक. तिकडे डिग्जनेही २०२० मध्ये १,५३५ यार्डांसह संघटनेत अव्वल स्थान मिळवले, त्यामुळे दोन्ही संघांचे भले झाले. परंतु प्रत्येक २२व्या हक्कावर जेफरसन सापडत नाही, आणि संघांच्या नियोजनातली सर्वांत महागडी चूक तो सापडेलच असे गृहीत धरण्यात आहे.

म्हणूनच मार्च आणि एप्रिल यांचा हिशेब वेगवेगळा मांडता येत नाही. एप्रिलमध्ये चांगले रिसीव्हर भरपूर मिळणार असतील, तर मार्चमध्ये मध्यम खेळाडूसाठी थैली सोडण्याचे कारण उरत नाही. आणि मार्चचा बाजार रोडावलेला असेल, तर एप्रिलमध्ये गर्दी उसळते. २०२३ साली मोकळ्या रिसीव्हरांत पहिल्या दर्जाचे नाव जवळजवळ नव्हते. जकोबी मायर्स रेडर्सकडे आणि अॅलन लझार्ड न्यूयॉर्क जेट्सकडे, दोघेही वर्षाला सरासरी १ कोटी १० लाखांवर गेले, आणि त्या वर्षीच्या कमाल करारांत ते मोडत होते. मग एप्रिलच्या निवडीत पहिल्या १९ क्रमांकांत एकही रिसीव्हर गेला नसताना २०, २१, २२ आणि २३ या लागोपाठच्या चार क्रमांकांवर चार संघांनी रिसीव्हरच उचलले. एकाने हात घातल्यावर आपल्या वाट्याला कोणी उरणार नाही ही भीती बाकीच्यांना किती वेगाने शिवते, त्याचे हे दृश्य उदाहरण आहे. २०२४ साली तर पहिल्या फेरीत सात रिसीव्हर निवडले गेले.

शहाणे संघ या भीतीवर एक साधा उपाय करतात. मार्चची पहिली लाट ओसरल्यावर, भाव उतरले की, ते एखाददुसरा अनुभवी रिसीव्हर एका वर्षासाठी घेऊन ठेवतात, जेणेकरून एप्रिलमध्ये त्यांना गरजेपोटी निवड करावी लागू नये. काही जण त्याहूनही थांबतात, कारण दुसऱ्या संघाचा करार संपलेला खेळाडू घेतल्यास, स्वतःचे खेळाडू गमावल्याबद्दल मिळणारे भरपाईचे निवड-हक्क कमी होऊ शकतात, आणि ड्राफ्ट उरकल्यानंतर ठरावीक तारखेपुढे झालेले करार त्या हिशेबात धरले जात नाहीत. मे ते जुलै या काळात तिशी ओलांडलेले नावाजलेले रिसीव्हर माफक रकमेत सही करताना दिसतात, त्याचे एक कारण हे आहे.

२०२२च्या त्या वसंतातला अखेरचा आणि सर्वांत बोलका व्यवहार २८ एप्रिलला, प्रत्यक्ष ड्राफ्टच्या रात्री झाला. टेनेसी टायटन्सकडे ए. जे. ब्राऊन हा चोवीस वर्षांचा धिप्पाड रिसीव्हर होता. तो २०१९च्या निवडीत दुसऱ्या फेरीत आला होता. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला संघ जे पाचवे वर्ष स्वस्तात वाढवून घेऊ शकतो, ती सोय दुसऱ्या फेरीला नसते, त्यामुळे २०२२ हे त्याच्या कराराचे शेवटचे वर्ष होते. कर्क, अॅडम्स आणि हिल यांचे आकडे त्याच्यासमोर होते. टायटन्सने त्या आकड्यांना हात लावण्याऐवजी त्याला १८व्या आणि १०१व्या हक्काच्या मोबदल्यात फिलाडेल्फिया ईगल्सला दिले आणि १८व्या क्रमांकावर त्याच्यासारखीच शरीरयष्टी असलेल्या ट्रेलॉन बर्क्सला घेतले. ईगल्सने ब्राऊनला तत्काळ चार वर्षांसाठी १० कोटी डॉलर दिले. टायटन्स आदल्या हंगामात १२ सामने जिंकून आपल्या विभागात पहिल्या क्रमांकावर होते. असा संघ आपल्या मुख्य रिसीव्हरच्या जागी नवागताला उभा करतो तेव्हा तो पैसा वाचवत नसतो, तर आपल्याकडच्या इतर सर्व खेळाडूंची उमेदीची वर्षे पणाला लावत असतो. हा निर्णय चुकीचा होता, आणि तो निकाल लागल्यानंतर नव्हे तर त्याच रात्री चुकीचा ठरवण्याइतकी कारणे उपलब्ध होती.

४ डिसेंबर २०२२ रोजी फिलाडेल्फियात हे दोन संघ समोरासमोर आले. ब्राऊनने आपल्या जुन्या संघाविरुद्ध ८ झेल घेऊन ११९ यार्ड आणि २ टचडाऊन मिळवले, ईगल्स ३५–१० असे जिंकले, आणि दोन दिवसांनी टायटन्सने आपले महाव्यवस्थापक जॉन रॉबिन्सन यांना पदावरून दूर केले. एका टप्प्यावर ७ विजय आणि ३ पराभव अशी स्थिती असलेला हा संघ पुढचे सातही सामने हरला. ब्राऊनने हंगामात १,४९६ यार्ड मिळवून ईगल्सचा विक्रम मोडला. १२ फेब्रुवारी २०२३च्या सुपर बोलमध्ये, रिसीव्हर विकत घेणारे ईगल्स आणि रिसीव्हर विकणारे चीफ्स समोरासमोर होते. ब्राऊनने ४५ यार्डांचे टचडाऊन केले, चीफ्सकडून स्काय मूरनेही एक केले, आणि चीफ्स ३८–३५ असे जिंकले. एकाने खर्च केला, दुसऱ्याने राखला, आणि दोघेही शेवटपर्यंत पोचले, कारण दोघांनीही रिसीव्हरचा निर्णय बाकीच्या संघाच्या आराखड्याला जोडून घेतला होता.

टायटन्सना ती जागा पुढे भरताच आली नाही. बर्क्सने पहिल्या तीन हंगामांत मिळून सुमारे सातशे यार्ड मिळवले आणि झेल घेऊन एकच टचडाऊन केले. जुलै २०२३ मध्ये, अॅरिझोनाने मुक्त केलेल्या डिअँड्रे हॉपकिन्सला संघाने दोन वर्षांसाठी घेतले. मार्च २०२४ मध्ये बाजार उघडताच त्यांनी कॅल्विन रिडली या एकोणतीस वर्षांच्या मोकळ्या रिसीव्हरला चार वर्षांसाठी ९ कोटी २० लाख डॉलर दिले. चोवीस वर्षांच्या ब्राऊनसाठी जी रक्कम दोन वर्षांपूर्वी जड वाटली होती, तिच्यापेक्षा ही केवळ ८० लाखांनी कमी होती. रिडलीने त्या हंगामात १,०१७ यार्ड मिळवले आणि टायटन्सने १७ पैकी ३ सामने जिंकले. त्याच हंगामाच्या शेवटी, ९ फेब्रुवारी २०२५ रोजी न्यू ऑर्लिन्समध्ये ईगल्सने चीफ्सना ४०–२२ असे हरवून सुपर बोल जिंकला, आणि त्या सामन्यातले एक टचडाऊन ब्राऊनचे होते.